‘सर, आपण आर्य की द्रविड?’ : प्राचीन इतिहास शिकवणाऱ्यांसाठी

हडप्पा संपून वैदिक काळ सुरू झाला की आठवड्याच्या आत हा प्रश्न वर्गात येतो. कधी सरळ विचारला जातो, कधी मागच्या बाकावर कुजबुजला जातो. मग मधल्या सुट्टीत घारे डोळे कोणाचे, गोरं कोण, आडनाव कुठलं, यावर खलबतं होतात. शिक्षक बहुधा “पुढचा धडा काढा” म्हणून मोकळे होतात, नाहीतर स्वतः शाळेत ऐकलेलं सांगून टाकतात: उंच, गोरे, घोड्यावर बसलेले आर्य खिंडीतून उतरले आणि ठेंगण्या, काळ्या द्रविडांना त्यांनी दक्षिणेला पिटाळलं. ही कथा या शब्दांत ना वेदात सापडते, ना उत्खननात. ती एकोणिसाव्या शतकात जुळवली गेली आणि गाईडं, तक्ते, निबंधांतून आजवर फिरते आहे.

हे टाचण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या शिक्षकांसाठी आहे. सहावी ते नववीला चालेल. चार तासिका आणि जमली तर एक सहल. सामान: पाच मीटर सुतळी, तिसऱ्यांच्या (किनाऱ्यावर मिळणाऱ्या शिंपल्यांच्या) चोवीस शिंपा, आठ कार्डं, जगाचा नकाशा.

आधी ‘वंश’ या शब्दाचा बंदोबस्त करा

मराठीत घोटाळा इथूनच सुरू होतो. इंग्रजीत ‘डायनॅस्टी’, ‘लिनिएज’ आणि ‘रेस’ असे तीन वेगळे शब्द आहेत. आपण तिन्हींना ‘वंश’ म्हणतो. सातवाहन वंश म्हणजे राजघराणं. वंशाचा दिवा म्हणजे संतती. आणि ‘आर्य वंश’ म्हटलं की अचानक कातडी, नाक, डोकं, रक्त. एकाच वहीत एकाच पानावर हे तिन्ही आले की मूल त्यांना एकच समजतं, आणि त्यात मुलाची काही चूक नाही.

म्हणून पहिल्या तासिकेला फळ्यावर तीन रकाने आखा. राजाच्या घरासाठी ‘घराणं’, पिढ्यांसाठी ‘कुळी’ किंवा ‘वंशावळ’, आणि तिसऱ्यासाठी ‘रेस’ हाच परका शब्द देवनागरीत. तो मुद्दाम परकाच ठेवायचा. त्याला मराठी कपडे घातले की तो इथलाच, जुनाच वाटू लागतो. पुस्तकात ‘वंश’ दिसला की तो कोणत्या रकान्यातला हे मुलांनी पेन्सिलीनं वर लिहायचं. परीक्षेत ‘सातवाहन घराणे’ लिहिलं तरी पूर्ण गुण मिळतील हे आधीच सांगा, नाहीतर गुणांच्या धास्तीनं मुलं आठवड्यात जुन्या वाटेवर येतात.

आणखी तीन शब्द पायात अडकतात. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. म्हणून वर्ण कातडीवरून पाडले असं मुलं परस्पर ठरवतात. ‘यवन’ शब्द बखरींत मुसलमानांसाठी येतो, पण कार्ल्याच्या खांबावरचा यवन इस्लामच्या उदयाआधी काही शतकं होऊन गेला. तिथं त्याचा अर्थ ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला असा आहे. हे सांगितलं नाही तर पुढचा कार्डांचा तास वाया गेला म्हणून समजा. तिसरा शब्द ‘आर्य’. जुन्या साहित्यात तो मानाचा शब्द आहे, आपल्या लोकांसाठी आणि आदरणीय माणसासाठी वापरलेला. ‘आर्यक’वरून प्राकृतात ‘अज्जअ’ झालं आणि त्यावरून मराठीत ‘आजा’ आला. वर्गात विचारा, आजा कोणाकोणाला आहे? सगळे हात वर होतात. ‘आर्य’ शब्दाचा एवढा घरगुती पुरावा दुसरा मिळायचा नाही.

सुतळीवरची मोजणी

वर्गाची भिंत पुरत नाही, व्हरांड्यात जा. सुतळी पाच मीटर, एका टोकाला आजचा दिवस, १० वर्षांना १ सेंटिमीटर. नायलॉनची दोरी नको, ती ताणते. आजपासून मागे मोजत कागदी चिठ्ठ्या लावा: सिंधूकाठची भरभराटीतली शहरं (इ.स.पू. २६०० ते १९००) साधारण ४ मीटर ६२ सेंमीपासून ३ मीटर ९२ सेंमीपर्यंत, अशोक सुमारे २ मीटर २७ सेंमीवर, क्षत्रप (शक राजांची पदवी) नहपान १ मीटर ९० सेंमीच्या आसपास. इसवी सनापूर्वीची वर्षं आजच्या सालात मिळवायची असतात. निम्मी मुलं ती वजा करतात आणि हडप्पा शिवाजी महाराजांच्या जवळपास येऊन पोचतं. एक आकडा फळ्यावर करून दाखवा.

आता रेसच्या चिठ्ठ्या. औरंगजेबाच्या दरबारी राहून गेलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए यानं १६८४ मध्ये पॅरिसमध्ये माणसांची शरीरावरून विभागणी छापली. ती चिठ्ठी आजपासून फक्त ३४ सेंटिमीटरवर लागते. ब्लुमेनबाखनं १७९५ मध्ये ‘कॉकेशियन’ हे नाव रूढ केलं, जॉर्जियातली एक कवटी त्याला सर्वांत सुंदर वाटली म्हणून. भारताच्या १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ली याची चिठ्ठी साडेबारा सेंटिमीटरवर. हडप्पा आणि बर्निए यांच्या मधे सव्वाचार मीटर सुतळी रेसच्या चिठ्ठीविना मोकळी आहे. मुलांना ती नुसती बघू द्या, भाष्य करू नका.

रिस्लीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्यानं आपल्याला मोजलं आहे. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १०० असा त्याचा हिशेब, आणि जात जितकी वरची तितकं नाक अरुंद असा दावा. मराठी ब्राह्मण आणि कुणबी यांना त्यानं एकत्र ‘सिथो-द्रविडियन’, म्हणजे शक-द्रविड, या खणात टाकलं. मालवणात १८९३ मध्ये जन्मलेले गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात रिस्लीच्याच धर्तीच्या मापांची फेरतपासणी केली, तेव्हा उत्तर हिंदुस्थान सोडला तर जातीची पायरी आणि नाकाचं माप यांचा मेळ बसेना. इरावती कर्वे (दापोलीजवळच्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई) बर्लिनला जर्मन शास्त्रज्ञ ऑयगेन फिशरकडे कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच श्रेष्ठ बुद्धीची, असा फिशरचा होरा होता. मापांत तसा फरक निघाला नाही आणि बाईंनी प्रबंधात तसंच लिहिलं. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं कूळ असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमावर लिहिताना, वेदांना आर्य नावाची रेस ठाऊकच नाही असं ठामपणे मांडलं. तिन्ही माणसं कोकणाशी नातं सांगणारी. वर्गात परदेशी विद्वानांची नावं पाठ करून घेण्यापेक्षा ही तीन पुरेत.

एक सावधगिरी. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आर्यांच्या स्वारीचीच गोष्ट उलटी धरून जातिवर्चस्वावर हत्यारासारखी वापरली, तर रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०३ मध्ये वेदकर्त्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेलं. त्या काळी उपलब्ध असलेली चौकट दोघांनी आपापल्या कामासाठी वापरली. तिची चूक दाखवताना माणसांची टिंगल करू नये, आणि त्यांचे बाकीचे मुद्दे या एका सिद्धांताबरोबर निकालात काढू नयेत.

चोवीस शिंपा

‘पण माणसं वेगळी दिसतातच ना?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो व्याख्यानानं मिटत नाही. त्यासाठी हा खेळ.

एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच जातीच्या तिसऱ्यांच्या चोवीस शिंपा घ्या, प्रत्येकीची एकच बाजू. उकळत्या पाण्यातून काढून दोन दिवस उन्हात वाळवा. नाहीतर कपाटातून वास सुटतो आणि मुंग्या लागतात. आतल्या बाजूला मार्करनं १ ते २४ आकडे घाला. वर्गाचे तीन गट करा. पहिला गट रंगावरून तीन ढीग पाडील, दुसरा पट्टीनं लांबी मोजून तीन, तिसरा रेषा आणि ठिपके पाहून तीन. एकेका गटाला पाच मिनिटं. ढिगातले आकडे वहीत उतरवायचे आणि शिंपा पुन्हा मिसळून पुढच्या गटाला द्यायच्या. आपले आकडे इतर गटांना दाखवायचे नाहीत.

मग तिन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. रंगानं एका ढिगात पडलेल्या शिंपा लांबीच्या यादीत विखुरतात, रेषांच्या यादीत आणखी वेगळ्या. माणसाचंही असंच. कातडीचा रंग ऊन किती प्रखर त्याच्याशी बांधलेला, नाकाची ठेवण बऱ्याच अंशी हवेच्या उष्णतेशी आणि दमटपणाशी, रक्तगट तिसऱ्याच कारणांनी पसरलेले. एक धरून ढीग पाडले की दुसरं जुळत नाही. शिवाय दोन ढिगांच्या सीमेवरच्या शिंपा कुठं टाकायच्या यावर गटात भांडण होतंच. ते भांडण मिटवू नका, आकडे लिहून ठेवा.

हा खेळ फसतो तो एकाच कारणानं: पिशवीत एखादा मुळा किंवा कालव (दुसऱ्या जातीची शिंप) मिसळलेलं असतं. ते चटकन वेगळं काढता येतं आणि मुलं म्हणतात, “बघा, निसर्गानंच गट पाडलेत!” म्हणजे जे खोडायचं तेच सिद्ध होतं. म्हणून आदल्या दिवशी सगळ्या शिंपा स्वतः पाहून घ्या. आणि शिंपांऐवजी मुलांचीच नाकं, उंची किंवा रंग मोजण्याचा मोह गमतीतही नको. रिस्लीनं तेच केलं होतं. आणि मुलांच्या गटात ती गंमत वर्षभर कोणाचं तरी टोपणनाव होऊन राहते.

दान देणारे लोक स्वतःला काय म्हणत होते

सगळ्या पाठात हा भाग सर्वांत मोलाचा, दोन तासिका द्या. कल्पना सोपी: त्या काळच्या माणसांनी दगडावर स्वतःची ओळख कशी कोरली ते वाचायचं. कार्डं अशी करा.

कार्ले, चैत्यगृहाचा खांब: धेनुकाकटचा यवन सिहधय, खांबाचं दान. जुन्नर: यवन इरिल, पाण्याच्या दोन पोढी (आपण टाकं म्हणतो ते). जुन्नर: यवन चिट, भोजनमंडप. नाशिक, लेणं १७: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा रहिवासी योनक धम्मदेव, त्याचा मुलगा इंद्राग्निदत्त. नाशिक, लेणं १०: दीनिकाचा मुलगा, नहपानाचा जावई उषवदात, तिथल्याच एका लेखात तो शक म्हणून येतो. कुडे: करहाकडचा, म्हणजे कराडचा, लोखंडाचा व्यापारी महिक. कुड्यालाच एका माळ्याच्या मुलाचं दान. आणि कान्हेरी: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रपाची मुलगी.

प्रत्येक कार्डासाठी मुलांनी रकाने भरायचे: गाव, नातं, धंदा किंवा अधिकार, श्रद्धा, काय दान दिलं, आणि शेवटचा रकाना कातडीचा रंग. पहिले रकाने कमीजास्त भरतात. शेवटचा आठही कार्डांवर रिकामा राहतो. काही मुलं यवनासमोर ‘गोरा’ लिहितात. रागावू नका, फक्त विचारा, “कुठल्या अक्षरात लिहिलंय?” दोनदा विचारलं की खोडरबर निघतं.

मग नावं पाहू द्या. सिहधय म्हणजे सिंहध्वज. इंद्राग्निदत्त म्हणजे दोन वैदिक देवांनी दिलेला. त्याच्या बापाचं नाव धम्मदेव, आणि दान बौद्ध भिक्षूंना. ‘परका’ आणि ‘इथला’ असे दोन ढीग पाडायला सांगितलं तर हा माणूस कुठं टाकायचा? शक उषवदात तर ब्राह्मणांना गाई देतो, भिक्षूंना लेणं देतो, शूर्पारकात (सोपाऱ्यात) दानं करतो, डहाणूपासून तापीपर्यंतच्या नद्यांवर फुकट होड्या चालवतो आणि नानंगोल गावी (नारगोळ मानतात) नारळाची बत्तीस हजार झाडं देतो. मूळ लेखात ‘नाळीगेर-मूल’ आहे, म्हणून झाडं. मुलं ‘नारळ’ वाचून फळं समजतात. एवढ्या झाडांना किती जमीन लागेल हे माडाच्या बागा असलेल्या घरातल्या मुलांना विचारा. एकरी सत्तर झाडं धरली तर साडेचारशे एकरांच्या वर हिशेब जातो. रेसचा विषय तेवढ्यात मागे पडतो, आणि तसाच पडायला हवा.

आता ‘वंश’ शब्दाकडे परत या. नाशिकच्या लेणं ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन ‘खखरातवस निरवसेस करस’ असं येतं: क्षहरात वंश निःशेष करणारा. तिसऱ्या रकान्यातला अर्थ लावला तर हे मानवसंहाराचं वर्णन वाटतं, आणि ‘शक-यवन-पह्लवांचा नाश करणारा’ हे विशेषण जोडलं की वर्गात टाळ्या पडतात. पहिल्या रकान्यातला अर्थ घ्या: नहपानाचं राजघराणं संपवलं. पुरावाही तसाच आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला, नहपानाची चांदीची नाणी, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानं पुन्हा आपला छाप मारलेला. राज्य बदललं, टांकसाळ बदलली. माणसं तिथंच राहिली. पुढं त्याच सातवाहनांच्या घरात शक महाक्षत्रपाची मुलगी राणी होऊन आली आणि कान्हेरीच्या लेखात तिचाही ‘राजवंश’ अभिमानानं कोरला गेला. नाशिकचा लेख आणि कान्हेरीचं कार्ड शेजारी ठेवा. चौथीतलं पोरही विचारील, नाश केला तर लग्न कोणाशी लावलं?

सहल काढायची तर माणगाव-तळा बाजूला कुड्याची लेणी सोयीची. दसऱ्यानंतर जा, त्याआधी पायऱ्यांवर शेवाळ असतं. अक्षरं समोरून उजेड टाकला तर सपाट दिसतात. मोबाईलची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा, मग खाचांत सावली पडते आणि ब्राह्मी उठून येते. खडू, पाणी, तेल काहीही अक्षरांना लावायचं नाही.

भाषा एक, माणसं दुसरी, रेस तिसरी

खरा प्रश्न इथं आहे आणि त्याला बगल देऊ नये. विल्यम जोन्सनं १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं. एलिसनं १८१६ मध्ये आणि मग कॉल्डवेलनं १८५६ मध्ये तमिळ, तेलुगू, कन्नड यांचं वेगळं भाषाकुल दाखवलं. हे भाषेपुरतं आजही टिकून आहे. बिघडलं ते भाषेच्या कुळाला शरीराचं कूळ समजल्यावर. संस्कृतचा पंडित माक्स म्युलर यानंच १८८८ मध्ये बजावलं की ‘आर्य रक्त, आर्य डोळे’ म्हणणारा हा लांब डोक्याचा शब्दकोश म्हणणाऱ्याइतकाच चुकतो. अर्थात तोवर त्याच्याच जुन्या लिखाणानं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

उदाहरणं नकाशावर दाखवा. बलुचिस्तानात ब्राहुई बोलतात, ती द्रविड कुळातली भाषा. बोलणारे दिसायला शेजारच्या बलुच लोकांसारखेच. आपली मराठी आर्य कुळातली, पण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हिंदीत असा नाही. तो द्रविड भाषांत पक्का आहे आणि त्यांच्या सहवासातून आपल्यात आला असं भाषाभ्यासक मानतात. “आम्ही जेवायला चाललो” आणि “आपण जेवायला चाललो” ही दोन वाक्यं मुलांना म्हणायला लावा. दुसऱ्याला सगळे दप्तर उचलतात. आणि अलिबाग-नवगाव किनाऱ्याचे बेने इस्राएल: शनिवार पाळणारे तेली, गावावरून पेणकर, केहीमकर अशी आडनावं, मातृभाषा मराठी. त्यांच्या २०१६ मधल्या जनुक-अभ्यासात पश्चिम आशियाई आणि भारतीय, दोन्ही वारसे निघाले. भाषेवरून पूर्वज सांगता येत नाहीत याला घराजवळचा एवढा दाखला पुरे.

जनुकांबद्दल आठवीच्या पुढं बोला, आणि थोडक्यात. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन शहरातल्या एका स्त्रीच्या अवशेषांतून मिळालेल्या जनुकांत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वारसा नव्हता (२०१९). त्याच वर्षी पाचशेवर प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासात हा वारसा इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास दक्षिण आशियात मिसळू लागल्याचं दिसलं. आज उपखंडातले जवळपास सगळे गट वेगवेगळ्या प्रमाणात मिश्र आहेत. यातून स्थलांतर झालं एवढं कळतं. शुद्ध गोरी रेस आली आणि काळी पळाली हे कळत नाही. इथं शिक्षक दोन्ही बाजूंना घसरतात. एक म्हणतो, जुनी कथा खरी ठरली. दुसरा म्हणतो, कोणी आलंच नाही. दोघांच्याही डोक्यात रेसच असते, म्हणूनच येण्या-न येण्यानं त्यांचा मान वाढतो किंवा कमी होतो.

आर्यांनी केलं म्हणतात ते मोहेंजोदारोचं ‘हत्याकांड’ अजून काही गाईडांत आहे. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये तिथल्या सांगाड्यांवरून इंद्रावर आरोप ठेवला. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये दाखवलं की हे चाळीसच्या आतले सांगाडे एका थरातले, एका वेळचे नाहीतच, आणि लढाईचा दुसरा मागमूसही नाही. पुढं हाडं तपासली तेव्हा बहुतेकांवर जीवघेणे वार आढळले नाहीत. दहा मिनिटांत होतं.

ऋग्वेदातलं ‘अनासः’ हेही येणार. दस्यूंना उद्देशून आलेला हा शब्द (५.२९.१०) ‘अ-नास्’, नाक नसलेले, असा फोडला की चपट्या नाकाचे द्रविड तयार होतात. वेदांचे भाष्यकार सायणाचार्यांनी तो ‘अन्-आस्’, तोंड म्हणजे वाणी नसलेले, असा घेतला. संधी कुठं तोडायचा यावर एक रेस उभी राहिली. त्याच्या जोडीला ७.८३.१ द्या: तिथं सुदास राजाचे शत्रू दासही आहेत आणि आर्यही, आणि दोघांनाही मारा म्हणून इंद्र-वरुणांना विनवलं आहे.

तक्ते, मूर्ती आणि संकासूर

भिंतीवरचा तक्ता आधी तपासा. सैनिक गोरे आणि पडलेले काळे असतील तर तक्ता उतरवू नका. चित्रकाराला हा रंग कुठून कळला, हे विचारण्यासाठी तो उत्तम आहे. आपल्याकडं शिमग्याला काळ्या कपड्यातला संकासूर नाचतो, त्यामुळं काळा म्हणजे असुर हे मुलांना सवयीचं. ती सोंगाची रीत आहे, आणि द्रौपदी कृष्णा होती, व्यास कृष्ण द्वैपायन, पंढरीचा विठोबा सावळा, हेही त्याच मुलांना ठाऊक असतं. ग्रीस-रोमच्या पांढऱ्या संगमरवरी मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या. इ.स. १९३ ते २११ राज्य करणारा रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस माग्नाचा. रोमनांना त्याचा प्रांत महत्त्वाचा होता. इजिप्शियन ‘काळे की गोरे’ हा वाद अमेरिकेच्या इतिहासातून आला आहे, नाईलवरून नव्हे.

मात्र ‘प्राचीन लोकांना रंग दिसतच नव्हता’ असं सांगू नका, ते खोटं आहे आणि पकडलं जातं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकाचा ग्रीक व्यापारी सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरं नोंदवतो, उत्तरेच्या किनाऱ्यावरची माणसं धिप्पाड आणि काळी असंही लिहितो. पण ते वाक्य गुरंढोरं, तांदूळ, तिळाचं तेल यांच्या यादीत बसलेलं आहे. रंग दिसणं आणि रंगावरून माणसाची बुद्धी, योग्यता, जन्माचं स्थान ठरवणं, या दोन गोष्टींमधलं अंतर म्हणजेच सुतळीवरची ती मोकळी जागा.

घाऱ्या डोळ्यांचा प्रश्न उरतोच. त्यावरून चित्पावनांचं मूळ इराण, इजिप्त, ग्रीस असं कुठं कुठं नेलं गेलं. उत्तर एका वाक्यात द्या: डोळ्यांचा रंग थोड्याशा जनुकांवर ठरतो, तो कुठल्याही समाजात निघू शकतो, आणि त्यावरून गावाचा पत्ता निघत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दल विचारलं तर त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले हे सरळ सांगा, पण अटलांटिकपलीकडच्या गुलामीचं चित्र इथं चिकटवू नका. हबशी म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. अमेरिकेच्या मळ्यांवर याची कल्पनाही कोणी केली नसती. मुलांना स्वतःची जात किंवा मूळ शोधून आणण्याचा गृहपाठ कधीही देऊ नये. त्याऐवजी गावातल्या देवळाचा, मशिदीचा, विहिरीचा एखादा कोरीव लेख उतरवून आणायला सांगा.

घटक चाचणीत ‘आर्य व द्रविड यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न काढून टाका. त्याजागी एक न पाहिलेलं दान-कार्ड द्या, चार गुणांना: देणाऱ्यानं स्वतःबद्दल काय सांगितलं (२), काय सांगितलं नाही (१), आणि तुम्ही मनानं काय घातलंत (१). शेवटचा गुण सुरुवातीला कोणालाच मिळत नाही. उत्तरपत्रिका परत देताना त्या ओळीवरच बोला, आणि शिंपा मोजून घेऊन डब्यात ठेवा. दर वर्षी दोन-तीन तरी कोणाच्या कंपासपेटीत जातात.